वाढीव खोलीचं दार

आम्ही दोघी जावा आज तुमच्याशी एका दाराबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, दाराबद्दल काय बोलायचं? चौकट बसवली, कडी-कोयंडा लावला, झालं दार. आम्हीही तसंच समजत होतो. पण त्या एका दारापायी आमच्या सासूबाईंनी एक उन्हाळा फार वाईट काढला. आता पाऊस संपला की गावोगावी बांधकामं निघतील. कुणी न्हाणीघर वाढवील, कुणी मुलाच्या लग्नासाठी खोली काढील. आमची चूक तुमच्या घरी होऊ नये, एवढ्यासाठी हे बोलणं.

आमचं घर मंगळवेढ्याकडचं, जुनं, माळवदाचं. दगडमातीच्या दोन-दोन फूट जाडीच्या भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यावर मातीचा थर. माजघरात भर दुपारी गेलं तरी माठाजवळ बसल्यासारखं वाटतं. दोन वर्षांपूर्वी सासूबाई, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, अंगणात पाय घसरून पडल्या आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण चालणं वॉकर धरूनच. माजघरातून संडासापर्यंत जायचं म्हणजे तीन उंबरठे आणि दोन पायऱ्या. म्हणून घराच्या मागच्या अंगाला दहा बाय बाराची एक खोली काढायची आणि तिला लागूनच संडास बांधायचा, असं ठरलं.

पैसे मोजकेच होते. विटा, सिमेंट, सळई आणि मजुरी यांतच बरेचसे गेले. दाराची वेळ आली तेव्हा हातात फार काही उरलं नव्हतं. लोखंडी दार स्वस्त पडतं, चार दिवसांत मिळतं, वाळवी लागत नाही, चोराची भीती नाही, असं सगळ्यांनीच सांगितलं, आणि त्यात खोटं काही नाही. वेल्डिंगवाल्याकडून तीन बाय सातचं पत्र्याचं दार करून घेतलं. मळू नये म्हणून त्याला गडद चॉकलेटी रंग दिला. दाराचं तोंड पश्चिमेला, कारण संडासाची टाकी त्या बाजूला आणि मोकळी जागाही तिकडेच.

फेब्रुवारीत आत्या नव्या खोलीत राहायला गेल्या. मार्च बरा गेला. एप्रिल लागला आणि दुपारी तीननंतर त्या दाराला हात लावता येईना. आतून कडी काढायची तर पदर हाताला गुंडाळून काढावी लागे. आत्यांची खाट दारापासून चार हातांवर. त्या म्हणायच्या, “अगं, चुलीपुढं निजवलंय का मला?” आम्ही म्हणायचो, “उन्हाळाच आहे आत्या, सगळीकडं तसंच आहे.” पण तसं नव्हतं. एका संध्याकाळी त्या खाटेवरून उठायला गेल्या आणि चक्कर येऊन परत खाटेवर पडल्या. ओठ सुकलेले, अंग तापलेलं. आशाताई धावत आल्या. त्यांना माजघरात नेलं, ओल्या फडक्यानं अंग पुसलं, पाणी दिलं आणि तसंच दवाखान्यात नेलं. सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, उन्हाचा त्रास झालाय, पण घरात बसूनही तो होतो, विशेषतः म्हाताऱ्या माणसांना. त्या दिवसापासून आत्या माजघरात आणि आमची नवी खोली रिकामी. पुन्हा तीन उंबरठे, दोन पायऱ्या. ज्यासाठी कर्ज काढलं, तेच झालं नाही.

मग आम्ही भिंतीवरचा तापमापक आणला. दुपारी चार वाजता बाहेर सावलीत 41 अंश, माजघरात 33 आणि नव्या खोलीत 39. स्लॅबचा वाटा त्यात होताच, तो मोठाच असतो. पण खोलीत उभं राहिलं की दाराच्या बाजूनं झळ येते ती वेगळी कळायची.

थोरलीची मुलगी इंजिनिअरिंगला आहे. तिनं सुट्टीत वही घेतली आणि दाराचा हिशेब मांडला. हा अंदाजाचा हिशेब आहे, घरागणिक थोडा बदलेल, पण त्यानं आमचे डोळे उघडले. बाहेर 40 अंश, आत 34 आणि दारावर पश्चिमेचं सरळ ऊन, असं धरलं. गडद रंगाच्या पत्र्याच्या दारातून सुमारे 370 वॉट उष्णता आत येते. नुसत्या बसलेल्या माणसाच्या अंगातून साधारण 100 वॉट उष्णता बाहेर पडते. म्हणजे आत्यांच्या त्या लहानशा खोलीत साडेतीन माणसं जास्तीची कोंडून घातल्यासारखं झालं.

त्याच दाराला पांढरा रंग दिला तर? सुमारे 170 वॉट. निम्म्याहून कमी. त्याच लोखंडी दारावर सावली केली, ऊन पडूच दिलं नाही तर? सुमारे 70. आणि सावलीत लाकडाचं भरीव दार लावलं तर? 30च्या आसपास.

आता यातली गंमत बघा. आम्हाला वाटत होतं की लोखंडाचं दार काढून सागवानी लावलं की काम झालं. लोखंडातून उष्णता लाकडाच्या शेकडो पट जोरानं जाते, हे खरं. आपल्याला ते स्वयंपाकघरात रोज दिसतं. लोखंडी उलथन्याला लाकडी मूठ उगीच नसते. पण दार जाड असो की पातळ, त्याच्या दोन्ही अंगांना चिकटून हवेचा एक स्थिर थर असतो आणि तो थोडी उष्णता अडवतो. म्हणून लाकडाचं दार लोखंडापेक्षा शेकडो पट नाही, तर दुपटीनं चांगलं. उलट सावलीनं पाचपट फरक पडतो आणि ती सर्वांत स्वस्त. म्हणजे दाराचा विचार करताना क्रम असा: आधी दिशा, मग सावली, मग रंग, मग दार कशाचं ते, आणि शेवटी फटी. आम्ही नेमका उलटा क्रम लावला होता.

आता एकेक गोष्ट सांगतो.

पहिली, दिशा. ज्यांची खोली अजून कागदावर आहे त्यांनी हे नीट ऐकावं, कारण दिशा बदलायला तेव्हा एक पैसाही लागत नाही. आपल्या सोलापूरकडे मे महिन्याच्या मध्याला भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो. तेव्हा भिंतींवर ऊन पडत नाही, छपरावर पडतं. पण तीननंतर तो पश्चिमेला खाली उतरतो आणि ऊन छज्ज्याच्या खालून थेट दारावर येतं. दीड फुटाचा छज्जा त्याला अडवू शकत नाही. म्हणून पश्चिमेचं दार सर्वांत अवघड. पूर्वेला सकाळचं ऊन येतं, पण तेव्हा हवा गार असते. उत्तरेला उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तिरपं, थोडंच ऊन. दक्षिणेला उन्हाळ्यात छज्जा पुरतो आणि थंडीत ऊन आत येतं, ते हवंच असतं. तेव्हा गवंडीमामांनी दोरी लावण्यापूर्वी चार वाजता त्या जागेवर जाऊन उभं राहा. ऊन तोंडावर येतंय का बघा.

दुसरी, सावली. आमची दिशा तर ठरून गेली होती. मग आम्ही दारापुढे चार खांब रोवून सहा फुटांचा मांडव घातला आणि पश्चिमेच्या बाजूला शेडनेटचा पडदा वरपासून गुडघ्यापर्यंत सोडला. सांगोल्याकडे डाळिंबाच्या रोपांवर टाकतात तीच जाळी. तिरप्या उन्हाला वरचा मांडव पुरत नाही, उभा पडदाच लागतो, हे लक्षात ठेवा. नुसता पत्रा टाकून मांडव करू नका. पत्रा तापतो आणि त्याचीच झळ दाराकडे येते. टाकायचाच असेल तर दाराच्या माथ्यापेक्षा उंच, दोन्ही बाजूंनी वारा खेळेल असा टाका. यंदा आम्ही कृष्णकमळाचा वेल लावलाय. तो चढेपर्यंत जाळी आहेच. वाळलेला कडबा वर टाकायचा मोह होतो, पण चूल किंवा विजेची तार जवळ असेल तर तो धोका पत्करू नका.

तिसरी, रंग. “मळतं” म्हणून आपण गडद रंग देतो. उन्हातल्या दाराला पांढरा, पिवळसर, फिका आकाशी, काहीही फिका द्या. मळेल, फडक्यानं पुसू. आत्यांच्या चक्करेपेक्षा फडकं मारणं सोपं.

चौथी, दार कशाचं? आम्ही तालुक्याला जाऊन चौकश्या केल्या, सुतारकाकांना विचारलं.

सागवान उत्तम, पण महाग. तसं बाभळीचं किंवा कडुलिंबाचं चांगलं वाळलेलं लाकूडही चालतं. वाळलेलं हा शब्द महत्त्वाचा. ओलं लाकूड बसवलं की उन्हाळ्यात आकसतं, वाकतं आणि फटी पडतात. मग जाड दाराचा काय उपयोग?

फ्लश डोअर घेणार असाल तर आत काय भरलंय ते विचारा. काही दारं आतून पोकळ असतात, ती आतल्या खोल्यांसाठी. बाहेरच्या दाराला भरीव घ्या, 35 मिलिमीटर जाडीचं, वॉटरप्रूफ म्हणून दिलेलं. त्यावर आयएसआयचा शिक्का आणि आयएस 2202 हा आकडा आहे का ते बघा. वरच्या आणि खालच्या कडेलाही रंग मारून घ्या. सुतार ती कड बहुधा कोरी सोडतात, आणि पाणी तिथूनच शिरून दार फुगतं. शिवाय फ्लश डोअरवर पावसाची झड थेट येता कामा नये.

लोखंडीच हवं असेल, घर वस्तीपासून लांब असेल, तर दोन पत्र्यांमध्ये पफ किंवा तसं काही भरलेलं दार मिळतं का पाहा. एकेरी पत्रा उन्हाच्या बाजूला नको.

यूपीव्हीसीचं दार उष्णता कमी वाहतं, फुगत नाही, वाळवीचा प्रश्न नाही. पण हलकं, स्वस्त प्लॅस्टिक उन्हात काही वर्षांत ठिसूळ होतं. उन्हाला टिकणारं आहे का, आणि तसं लिहून देता का, हे दुकानदाराला विचारा.

आणि काचेची सरकती दारं. पुण्या-मुंबईच्या आमच्या नणंदांना त्यांची हौस. दिसतात छान. पण ॲल्युमिनियम लोखंडाच्याही चौपट उष्णता वाहतं, काचेतून ऊन सरळ आत येतं आणि दोन फळ्यांचं सरकतं दार कितीही उघडलं तरी निम्मंच उघडतं. एसी लावणार असाल आणि काच हवीच असेल तर दुहेरी काच घ्या. तिच्यातून एकेरी काचेच्या साधारण निम्मीच उष्णता झिरपते. तरी पश्चिमेच्या काचेला बाहेरून पडदा हवाच. आतून पडदा लावला तर ऊन घरात घेऊन मग झाकल्यासारखं होतं.

पाचवी, फटी. इथं आमच्या मुलीनं आणखी एक हिशेब केला. दाराच्या वरच्या आणि दोन्ही बाजूंना फक्त तीन मिलिमीटरची फट असली, तर सगळी मिळून चहाच्या बशीएवढं भोक होतं. दाराखाली दीड सेंटिमीटर फट असली की आणखी एक बशी. भिंतीला बशीएवढी दोन भोकं कुणी ठेवील का? पण दाराला आपण ठेवतो. त्यातून दुपारची झळ येते, धूळ येते आणि आमच्याकडे विंचूही येतो.

पूर्वी यासाठीच उंबरठा होता. आपण त्याला हळदकुंकू वाहतो, पण तो वारा, पाणी आणि किडा-मुंगी अडवायचंही काम करतो. आमची अडचण अशी की आत्यांचा वॉकर उंबरठ्यावरून जाईना. मग उंबरठा ठेवला नाही आणि दाराच्या खालच्या कडेला आतून रबराची पट्टी बसवली. जमिनीला टेकते, दार उघडताना घासत नाही. बाजूंना चौकटीच्या खाचेत रबराची दोरी चिकटवली. घरात वॉकर किंवा चाकाची खुर्ची वापरणारं कुणी असेल, किंवा पुढे होईल असं वाटत असेल, आणि म्हातारपण कुणाला चुकलंय, तर दाराची मोकळी रुंदी तीन फूट मिळेल असं पाहा. चौकटीची रुंदी नव्हे, दार उघडल्यावर मिळणारी रुंदी.

एक इशारा. कूलर असेल तर खोली बंद करून कूलर लावू नका. कूलरची हवा ओली असते. तिला बाहेर जायला समोरची खिडकी थोडी उघडी हवी, नाहीतर चिकचिक होते. फटी बुजवण्याचा खरा फायदा एसीला आणि दुपारच्या बंद खोलीला.

आता सर्वांत महत्त्वाचं. दार बंद कसं राहतं एवढंच पाहू नका, ते उघडं कसं राहतं हेही पाहा. आपल्या कोरड्या भागात मे महिन्यात दुपारी 40च्या पुढे गेलेला पारा पहाटे 25-26पर्यंत उतरतो. म्हणजे दिवसा सगळं बंद, रात्री सगळं उघडं, तर भिंती आणि स्लॅब रात्रीत निवतात. पण आपण बायका रात्री दार उघडं टाकून झोपू का? नाही. आणि पत्र्याचं दार बंद केलं की खोली रात्रभर तापलेलीच राहते. आत्यांचं तेच होत होतं.

केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोनं 2018 साली घरांसाठी इको निवास संहिता काढली. ती मोठ्या भूखंडांवरच्या इमारतींसाठी आहे, आपल्यावर सक्ती नाही. पण तिच्यातलं एक माप घरच्या बांधकामाला उपयोगी आहे. उष्ण-कोरड्या हवामानात खोलीच्या जमिनीच्या किमान 10 टक्के जागा उघडता येणारी हवी, मुंबई-कोकणासारख्या दमट हवेत 16.66 टक्के. यात बाहेरच्या हवेत उघडणारं दारही धरतात. आमची खोली 120 चौरस फूट, म्हणजे 12 चौरस फूट उघडं हवं. खिडकी चार बाय तीनची, पण सरकती, म्हणून उघडते फक्त सहा. दार 21 चौरस फुटांचं, पण रात्री बंद. म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा आमची खोली मापात निम्मीच भरत होती.

मग आम्ही काय केलं? लोखंडी दार फेकलं नाही. वेल्डिंगवाल्याकडे नेऊन मधला पत्रा कापून घेतला, तिथं जवळजवळ गजांची ग्रिल आणि डासांची जाळी लावली. झालं जाळीचं दार, कुलूप लागणारं, बाहेर उघडणारं. आणि आतल्या बाजूला? पडक्या गोठ्याचं जुनं दोन फळ्यांचं दार सात-आठ वर्षं अंगणात भिंतीला टेकून होतं. त्यावर आम्ही शेंगा वाळत घालायचो. सुतारकाकांनी ते ठोकून पाहिलं आणि म्हणाले, “अहो ताई, सागवान आहे हे, आणि तुम्ही सागवान आणायला सोलापूरला निघालाय!” त्यांनी ते रंधलं, खालची कुजलेली वीतभर कड बदलली, दोन फळ्यांच्या मधल्या फटीवर पट्टी मारली आणि आत उघडेल असं बसवलं. भिंत नऊ इंचांची, त्यामुळे दोन्ही दारं एका भोकात मावली. फार जास्त खर्च आला नाही; नवीन दाराच्या निम्म्यातही झालं नाही.

आता सकाळी आठला लाकडी दार लावून घेतो. संध्याकाळी सातनंतर बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की लाकडी दार उघडतो, जाळीच्या दाराला कुलूप घालतो आणि समोरची खिडकी उघडतो. वारा एका बाजूनं येतो, दुसऱ्या बाजूनं जातो. जाळीनं वारा थोडा अडतो, ते खरं. म्हणून जाळी महिन्यातून एकदा ब्रशनं झाडतो.

कोकणातल्या मैत्रिणींनी मात्र आमची नक्कल जशीच्या तशी करू नये. तिथं रात्री पारा फार उतरत नाही. दमट हवेत दिवसाही वारा खेळता हवा. खाऱ्या वाऱ्यानं लोखंड गंजतं. तिथं सावली आणि जाळी आधी, फटी बुजवणं नंतर.

यंदाच्या मे महिन्यात तसाच 41 अंशांचा दिवस आला, तेव्हा चार वाजता आम्ही तापमापक पाहिला. नव्या खोलीत 36. माजघराएवढी गार ती कधीच होणार नाही. स्लॅब आहे शेवटी. पण पहाटे ती माजघराच्या बरोबरीनं निवते. आत्या पुन्हा तिथं राहायला गेल्या आहेत. पहिल्या दिवशी त्यांनी लाकडी दारावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “हे तर आपल्या गाईंचं दार. माझ्या लग्नात होतं.” रात्री उठून त्या आता कुणाला हाक न मारता वॉकर धरून संडासाला जातात. आम्हाला सकाळी सांगतात.

तेव्हा मैत्रिणींनो, नवी खोली काढणार असाल तर चार वाजताचं ऊन बघा, अंगणात पडलेलं जुनं लाकूड एकदा ठोकून बघा आणि खोलीत राहणार त्या माणसाला विचारा, “तुला रात्री दार उघडं ठेवायला जमेल का?” आम्ही आत्यांना हे विचारलंच नव्हतं. दार आमच्या सोयीनं केलं, राहायचं होतं त्यांना.

स्लॅबला चुना मारण्याचं काम आम्ही येत्या फाल्गुनात काढणार आहोत. पारा आणखी किती उतरतो ते पुढच्या वेळी सांगू. नमस्कार.